इंदापुरातले अकरा सेकंद

इस्त्रीच्या टेबलावर चार पांढरी जाकिटं एकावर एक रचलेली होती, विजयमालाबाई कुणाच्या तरी धोतरावर पाण्याचा हबका मारत होत्या आणि ज्ञानेश जाकिटांसाठी आणलेली पिशवी झटकून उलगडत होता, तेवढ्यात बाईंची लेक मोना मोबाईल पुढं धरून हसत हसत त्याच्याजवळ आली. "दादा, हे बगितलं का? तुमचा सोहेल. माशावानी तोंड करतुया नुसतं." तिच्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. नववीतल्या पोरीनं कशालाही हसावं तसं ती हसत होती. विजयमालाबाईंनी वर न बघताच तिला दटावलं, "हसू नगं गं. कुनाचं तोंड कवा बंद पडंल, काय सांगावं." ज्ञानेशला तो व्हिडिओ बघायचा नव्हता. गेले दोन दिवस त्यानं ते टाळलं होतं. कुणी पाठवला की न उघडताच पुसून टाकला होता. पण पोरीनं मोबाईल अगदी नाकासमोर धरला, आणि तिच्यापुढं डोळे मिटून घेणं बरं दिसलं नसतं. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. मधोमध सोहेल, डावा हात वर, माईक ओठांशी, तोंड उघडं, आणि आवाज नाही. तोंड मिटतं, पुन्हा उघडतं. समोरून आधी एक शिट्टी, मग "कॅसेट अडाकली रं", मग हशा. हे सगळं ज्ञानेशला ठाऊकच होतं, तो तिथंच उभा होता. ठाऊक नव्हतं ते चौकटीच्या डाव्या कडेला होतं. तिथं तो स्वतः दिसत होता, निम्मा कापलेला. एक खांदा आणि अर्धं तोंड. त्याची छाती श्वासानं भरून वर आली. तशीच राहिली. आणि मग त्या अर्ध्या तोंडाचा ओठ हळूच ताणला गेला. ज्ञानेश हसत होता.

"यात तुमी कुठंच दिसत न्हाय," मोना म्हणाली. तिनं बोट लावून व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि ज्ञानेश या खेपेला सोहेलकडं न बघता फक्त त्या कडेकडं बघत राहिला. एखाद्या आरशापुढून चालत जाताना कोण हा वंगाळ माणूस म्हणून दचकावं आणि मग तो आपणच असल्याचं कळावं, तसं झालं. दोन दिवस तो सगळ्यांना सांगत आला होता की मला काही सुचलंच नाही, मी गांगरलो. बँडमधल्या संदेशला सांगितलं, नईमला सांगितलं, वडगावाहून वडिलांचा, आबांचा, फोन आला तेव्हा तर काही सांगितलंच नाही, "काल इंदापुरात कसं झालं रं?" असं त्यांनी विचारलं तर "झालं ब्येस" म्हणाला. रात्री उशाशी हात घेऊन त्यानं स्वतःलाही तेच सांगितलं होतं, आणि स्वतःला ते पटलंही होतं. गांगरलेला माणूस असा हसत नाही. गांगरलेल्या माणसाच्या तोंडावर काहीच नसतं, पुसलेल्या पाटीसारखं असतं ते. हे हसू जाणतं होतं. पंगतीत शेजाऱ्याच्या भातात खडा निघावा आणि आपल्याला आतून गार वाटावं, तसलं. त्यानं जाकिटं पिशवीत भरली. वरचं जाकीट सोहेलचं होतं, कॉलरच्या आत मार्करनं 'सो' लिहिलेलं. ते त्यानं का कुणास ठाऊक खाली घातलं, आणि मग चुरगळेल म्हणून पुन्हा वर काढलं.

स्कूटर भिगवण चौकातून बाहेर काढून तो काटेवाडीच्या रस्त्याला लागला. संध्याकाळी पाच वाजता बारामतीत कार्यक्रम होता, या टूरमधला शेवटचा, आणि सोहेल फोन उचलत नव्हता. संदेशनं सकाळीच सांगितलं होतं, "तू जा. तुजं ऐकंल त्यो. चौघं नसलो तर स्टेजवर चढून काय करायचं, तिघांनी कॅनॉल फोर म्हनून मिरवायचं?" चौकातल्या खांबावर त्यांचं पोस्टर होतं. कॅनॉल फोर, पहिली टूर. चौघं कॅनॉलच्या पुलावर एका रांगेत उभे, सोहेल एक पाऊल पुढं. संदेशनं परदेशातल्या बँडांचं बघून टी-शर्ट छापून घेतले होते, पाठीवर टूरमधल्या गावांची यादी. सुपे, वडगाव निंबाळकर, इंदापूर, बारामती. ते टी-शर्ट घालून चौघं पहिल्यांदा आरशापुढं उभे राहिले तेव्हा हसून हसून त्यांच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि तरीही कुणी अंगातून काढला नव्हता. सुप्याला बाजाराच्या दिवशी खेळ होता. शेरडं घेऊन आलेली माणसं शेरडांसकट उभी राहून बघत होती, आणि दोन गाण्यांच्या मधे माईक मागून घेऊन एका आजोबांनी, काळ्या कानाचं कोकरू कुणाला घावलं असंल तर मारुतीच्या देवळापाशी आणून द्यावं, असं सांगितलं होतं. त्या कोकरालाही टाळ्या पडल्या. तिथून परतताना सोहेलच्या वडिलांच्या, अय्युबचाचांच्या, टेम्पोत, स्पीकरच्या खोक्यांवर बसून, सोहेलनं आपल्या वाटची भेळ ज्ञानेशला दिली होती, कारण ज्ञानेशची भेळ नाचताना खिशातच सांडली होती. इतकं सगळं चांगलं असताना ते हसू कुठून आलं? माणसाच्या आत असं काही आधीपासून बसलेलं असतं का, वाट बघत, अडत्याच्या दुकानात शेतकरी बसून राहतो तसं, आपला नंबर येईपर्यंत?

ते हसू कुठून आलं होतं, हे ज्ञानेशला तसं ठाऊक होतं. पुण्यातल्या स्टुडिओतून आलं होतं. गाणं होतं 'पुलावर थांब जराशी', संदेशनं रचलेलं, आणि त्यात सोहेलच्या वाट्याला एक वर चढणारी ओळ होती. तू हाक दे, मी येईन. सोहेलचा गळा खालच्या अंगाला गोड, वर गेला की कागद फाटल्यासारखा. आठ वेळा फाटला. शेवटी काचेपलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला, ती ओळ दुसऱ्या कुणी म्हणून टाका, कोण ओळखतंय. ज्ञानेशनं ती एका दमात म्हटली. का नाही म्हणणार? सहाव्या वर्षापासून तो आबांच्या पाठीमागं टाळ घेऊन उभा राहिला होता, आठव्या वर्षी चाल धरायला लागला होता. कीर्तनातल्या उघड्या मांडवात, हजार माणसांच्या डोक्यावरून आवाज पार मागच्या बैलगाड्यांपर्यंत न्यायची सवय होती त्याला. ती ओळ सोहेलचीच राहिली. स्टेजवर टेप वाजायची, सोहेल नुसतं तोंड हलवायचा आणि ज्ञानेशचा आवाज त्याच्या तोंडातून निघायचा. "लोक चेहरा बगत्यात, ज्ञान्या," संदेशनं समजूत घातली होती, आणि ज्ञानेश म्हणाला होता, "मला काय त्याचं." खरोखरच काही नव्हतं, सुप्यापर्यंत. वडगावला पुढच्या रांगेतल्या पोरी नेमक्या त्या ओळीला सोहेलचं नाव घेऊन ओरडल्या. स्वतःचाच आवाज ऐकत, स्वतः गप्प, ओठ मिटून, हात ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडं हलवत ज्ञानेश मागच्या रांगेत नाचत होता, आणि त्याला वाटलं, आपण मेलोय आणि आपल्या दहाव्याला लोक दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन रडताहेत.

वडगाव त्याचं स्वतःचं गाव. आबा, म्हणजे कीर्तनकार रामहरीबुवा, पार मागं लिंबाच्या बुडाशी उपरण्यानं कान झाकून उभे होते. पोरानं असलं काही गावं याचा त्यांना राग नव्हता. "देवानं गळा दिलाय, तो गोठ्यात बांधून ठिवायला न्हाय" असं ते म्हणायचे. खेळ संपल्यावर ते हळूहळू पुढं आले, चौघांच्याही पाठीवरून हात फिरवला, नईमच्या उड्यांचं कौतुक केलं आणि ज्ञानेशला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या सोहेलच्या वरल्या सुराला तुज्या गळ्याचा वास येतुया." आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "दिला असशील तर दिला. चांगलं केलंस. पन दिल्यालं मोजत बसायचं न्हाय. मागल्या झेलकऱ्यानं ओळ झेलायची आन् इसरायची." तो हो म्हणाला. आणि त्याच दिवसापासून मोजायला लागला. त्या ओळीला कितीजणी ओरडल्या, कितीजणांनी मोबाईल वर धरले, संपल्यावर सोहेलबरोबर फोटो काढायला किती आल्या आणि त्याला "दादा, जरा फोटो काढता का" म्हणून मोबाईल किती जणींनी हातात दिला. इंदापूर येईपर्यंत त्याचा हिशेब चांगलाच फुगला होता.

काटेवाडीच्या अलीकडं उसाचा ओला वास आला. रस्त्याच्या कडेला थांबावं, परत फिरावं, संदेशला सांगावं की सोहेल घरी नाही. हे तीन विचार त्यानं तीन मोऱ्या ओलांडेपर्यंत केले आणि चौथ्या मोरीपाशी अय्युबचाचांची शेड दिसायला लागली. पत्र्यावर निळ्या अक्षरांत साउंड आणि लाइट, शेजारी घर, घरामागं दोन म्हशी. चाचा टेम्पोच्या मागच्या फळीवर चढून स्पीकर आत सरकवत होते, एकटेच. एरवी सोहेल खालून रेटा द्यायचा. ज्ञानेशनं स्कूटर लावली आणि काही न बोलता खालून रेटा दिला. चाचांनी वाकून बघितलं. "आला व्हय. बरं केलंस," ते म्हणाले, "आत जा, चहा घे, मी आलोच." साठीच्या पुढचा माणूस, पांढरी टोपी, दाढीत घाम. तीस वर्षं पंचक्रोशीतल्या सप्ताहांना आवाज पुरवलेला माणूस. कीर्तनकार उभा राहतो त्या जागी माईक लावायला जाताना चपला काढून जायचे ते, आणि त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. शेवटची आरती होईपर्यंत वायर गुंडाळायला हात लावायचे नाहीत. आबा म्हणायचे, अय्युबराव असले की मला घशाची काळजी नसते.

ज्ञानेश दहा वर्षांचा असतानाची गोष्ट. वडगावातच, सप्ताहाचा पाचवा दिवस. नेहमीचे चाल म्हणणारे काका तापानं पडलेले, म्हणून आबांच्या पाठीमागं मधोमध ज्ञानेशला उभं केलं होतं. आबा बोलता बोलता एका जागी आले, मान वळवली आणि तळहात उघडा करून त्याच्याकडं केला. घे, असं. कीर्तनात हा हात पुढं आला की मागच्यानं ओळ उचलायची असते, तेवढ्यात पुढच्यानं दम घ्यायचा असतो. ज्ञानेशला ओळ आठवेना. रोजची ओळ, झोपेत म्हणता येईल अशी. ती जणू कुणी मुळातून उपटून नेली. टाळ थांबले. पखवाजावरची बोटं थांबली. आबांचा तळहात तसाच उघडा, आणि त्या तळहाताकडं बघता बघता ज्ञानेशच्या मांड्यांतून गरम पाणी उतरतंय की काय असं झालं. आणि मग मांडवाच्या खांबापाशी, यंत्राजवळ बसलेल्या माणसानं ती ओळ धरली. माईक नाही, काही नाही. बसल्या जागेवरून, डोळे यंत्रावरच ठेवून, अगदी खालच्या पट्टीत, आपण गातोय हे कुणाला कळू नये अशा बेतानं अय्युबचाचा ती ओळ म्हणत होते. सप्ताहात इतकी वर्षं बसून त्यांना सगळं पाठ होतं. ज्ञानेशचा पाय त्या आवाजावर पडला, विहिरीच्या पायरीवर पडावा तसा, आणि तो वर चढला. मांडवाला वाटलं पोरानंच म्हटलं. कुणी हसलं नाही, कारण हसायला फटच राहिली नाही. कीर्तन संपल्यावर सगळी माणसं रीतीप्रमाणे एकमेकांच्या पाया पडत होती, थोरानं धाकट्याच्या, धाकट्यानं थोराच्या, तेव्हा आबा थेट खांबापाशी गेले आणि वाकले. चाचांनी त्यांचे हात वरच्यावर धरले. "काय करताय महाराज. आमी वायरी गुंडाळनारी मानसं." घरी जाताना आबा अंधारात ज्ञानेशला म्हणाले होते, "बगितलंस का? झेलायचं म्हंजी वर न्हाय जायाचं. खालनं हात द्यायचा. ज्याला दिला त्याला कळला पायजे, बाकीच्यास्नी न्हाय."

आत सोहेलची आई, नूरजहाँचाची, मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाट सरकवला, चहा टाकला, आणि मग चहा उकळत असताना त्यांच्या मनातलं बाहेर आलं. "दोन दिस जेवला न्हाय. त्या पोरींचे मेसेज येत्यात, हसत्यात. मासा म्हनत्यात त्याला, मासा." त्यांनी मेथीची काडी कचकन मोडली. "मला ते काय कळत न्हाय बाबा, मशीन बंद पडलं तर पडलं. पन तू हुतास की रं तितं. तुला तर गाता येतं. तू का न्हाय म्हटलं?" बिनविषाचा प्रश्न होता. बाईला खरंच ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं विचारलं. ज्ञानेशनं तोंड उघडलं, आणि त्याला लख्ख दिसलं की आपण आत्ता अगदी त्या व्हिडिओतल्या सोहेलसारखे दिसत असणार. उघडं तोंड, आवाज नाही. चार माईकांपैकी तीन बंद असायचे. फक्त त्याचा चालू, कारण गाण्यांच्या मधे लोकांशी बोलायचं काम त्याचं होतं. मुठीत धरायचा माईक, त्याच्या बुडाशी हिरवा दिवा. टेप नेमकी त्याच ओळीला बंद पडली होती, आणि त्या अकरा सेकंदांत सगळ्या इंदापुरात एकच जिवंत माईक होता आणि तो त्याच्या हातात होता. ओळ त्याची होती. आवाज त्याचा होता. श्वाससुद्धा घेऊन झाला होता. लहानपणापासूनच्या सवयीनं छातीनं तो आपसूकच घेतला होता. आणि मग तो श्वास त्यानं आत दाबून धरला. आता कळू दे, असं वाटलं होतं त्याला. आता कळू दे कुणाचा आवाज आहे ते. नंतर त्यानं आपल्याशी सारवासारव केली की मी गायलो असतो तर सोहेलचं बिंग फुटलं असतं, त्याला वाचवायलाच मी गप्प राहिलो. किती सोयीचं होतं ते.

"चारीचे बी बंद हुते गं," दारातून आवाज आला. चाचा हात पुसत आत आले होते. "गान्याच्या टायमाला समदे माईक बंदच ठिवतो मी. त्यो तरी काय करनार?" असं म्हणून ते भिंतीकडं तोंड करून टोपी खुंटीला अडकवायला लागले, आणि टोपी अडकली तरी त्यांनी मान वळवली नाही. मग तिकडंच बघत म्हणाले, "चूक माजी हाय, ज्ञानेश. लॅपटॉपची पिन ढिली झालेली मला म्हाईत हुती. चिकटपट्टी गुंडाळून काम भागवलं. घाईत नवी घ्यायची ऱ्हायली. तुमच्या पोरांच्या तोंडाला माज्यामुळं काळं लागलं. रामहरीबुवास्नी सांग, अय्युब चुकला म्हनावं." ज्ञानेशला बसल्या जागी बसवेना. चाचांना ठाऊक होतं. हिरवा दिवा हातातल्या माईकलाही असतो आणि यंत्रावरही असतो, आणि तीस वर्षं त्या दिव्यांकडं बघण्यातच त्या माणसाचं आयुष्य गेलं होतं. ते ठाऊक असून चाचा बायकोशी खोटं बोलले होते. दहा वर्षांच्या पोराखाली हात घातला होता तसा आत्ता बावीस वर्षांच्याखालीही घातला होता, आणि या खेपेला तो हात विंचवासारखा लागला. त्यानं कप खाली ठेवला. तो म्हणणार होता, चाची, माझा चालू होता. एवढे तीन शब्द. "लई गोड झालाय का?" चाचींनी विचारलं. "न्हाय, ब्येस हाय," तो म्हणाला आणि उरलेला चहा भाजलेल्या जिभेनं पिऊन टाकला. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्या फटीतून सोहेलचे पाय दिसत होते, पलंगावरून खाली सोडलेले. म्हणजे तो जागा होता. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं.

सोहेल बाहेर आला तो अंघोळ करून, केस चापून बसवलेले. एरवी अर्धा तास वळवत बसायचा ते नुसते विंचरलेले. ज्ञानेशकडं बघून तो म्हणाला, "येतो मी. पन माज्या वाटच्या ओळीला टेप नको. मी म्हननार." ज्ञानेश म्हणाला, "वर जातीया ती ओळ." "खाली घेऊ. अब्बा, गान्याबिगर नुसत्या वाजपाची टेप हाय न्हवं? ती दोन सूर खाली करा." चाचांनी विचारलं, "फाटला आवाज तर?" "फाटू दे. माजाच फाटंल." एवढं बोलून तो टेम्पोत चढला आणि पुढं न बसता मागं स्पीकरच्या खोक्यांवर जाऊन बसला. ज्ञानेशची स्कूटर टेम्पोच्या मागून चालली. फळीच्या वरून सोहेलचं डोकं दिसत होतं, मागं तोंड करून बसलेलं, पण तो रस्त्याकडं बघत नव्हता की ज्ञानेशकडं बघत नव्हता; कडेच्या उसाकडं बघत होता. इंदापूरहून परत येताना, परवा, याच रस्त्यावर, चौघं त्याच खोक्यांवर बसले होते. नईमनं एकदा काहीतरी विनोद केला होता आणि कुणी हसलं नव्हतं. तेव्हा ज्ञानेशनं सोहेलच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. धीर द्यायला. तो हात सोहेलनं काढून टाकला नव्हता, राहू दिला होता, आणि आत्ता स्कूटरच्या मुठीवर त्याच हाताच्या तळव्याला घाम सुटला.

बारामतीत ऊन अजून पिवळं होतं. मैदानावर खुर्च्या भरत आल्या होत्या, आणि मागल्या बाजूनं पोरांचा एक घोळका मधूनच तोंड उघड-मीट करून एकमेकांना दाखवत होता. पडद्यामागं संदेश घड्याळ बघत होता. सूर खाली घ्यायचं ऐकून त्यानं डोक्याला हात लावला, मग सोहेलचं तोंड बघून काढला. "ठीक हाय," तो म्हणाला, "मारू उडी." नईम कोपऱ्यात घोटे मोकळे करत होता. ज्ञानेशनं पिशवीतून जाकिटं काढली. सोहेलचं जाकीट त्यानं दोन्ही हातांत उघडून धरलं, नवरदेवाला कोट चढवायला करवल्यानं धरावं तसं, आणि सोहेल पाठमोरा होऊन त्यात हात घालायला लागला. पाठ होती समोर, तोंड नव्हतं, म्हणून असेल कदाचित, ज्ञानेशला बोलता आलं.

"सोहेल, इंदापुरात मी हसलो रं."

सोहेलचा एक हात बाहीत निम्म्यावर थांबला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"व्हिडिओत बगितलंस?"

"व्हिडिओ कशाला. तवाच. मी तुज्याकडंच बगत हुतो की." हात बाहीतून बाहेर आला, मग दुसरा गेला. त्यानं कॉलर सारखी केली, वरचं बटण लावलं, आणि पाठ तशीच ठेवून म्हणाला, "येशील म्हनून."

संदेशनं हाक मारली. चौघं पायऱ्या चढून उजेडात गेले. माईक हातात आला तेव्हा ज्ञानेशनं खाली बघितलं, हिरवा दिवा होता. नमस्कार बारामती, असं तो म्हणाला. कुणीतरी मागून माशाच्या बुडबुड्यांसारखा आवाज काढला आणि थोडे हसले. ज्ञानेशनं त्यांच्या हसण्याकडं बघितलं. त्या सगळ्या तोंडांमध्ये त्याचं तोंड होतं. पहिली दोन गाणी गेली. तिसरं सुरू झालं, नेहमीपेक्षा खालून, जरा अंधारलेलं, आणि लोकांच्या लक्षात आलं की काहीतरी निराळं चाललंय, पण काय ते कळलं नाही. सोहेल पुढं झाला. त्याचा खरा आवाज पहिल्यांदाच मैदानावर पसरला, खरबरीत, थोडा कापरा, काटेवाडीतल्या पोराचा आवाज. आधीच्या ओळी त्यानं नीट नेल्या. मग ती ओळ आली. तू हाक दे. तिथं तो चढायला लागला, आणि दोन सूर खाली आणूनसुद्धा वरच्या पायरीपाशी त्याचा दम सरला. ज्ञानेशनं ते त्याच्या खांद्यांवरून ओळखलं, आबांच्या खांद्यांवरून ओळखायचा तसं, आवाज जायच्या आधीच. त्याची छाती भरली. आता त्या श्वासानं पुष्कळ काही करता आलं असतं. गळा तयार होता, वर जायला आसुसलेला होता; एक तान, मागच्या पोरांच्या डोक्यावरून पार रस्त्यापर्यंत, आणि साऱ्या बारामतीला कळलं असतं. ज्ञानेशनं माईक छातीशी खाली नेला आणि खालून, फार खालून, सोहेलच्याच फाटक्या सुरात, त्याच्यासारखाच जरा खरबरीत होऊन, ती ओळ धरली. मी येईन. सोहेलचा आवाज डगमगला, टेकला, उभा राहिला. वर चढला. टाळ्या आल्या त्या सोहेलला आल्या, आणि त्या त्याच्याच होत्या. मैदानाच्या टोकाला यंत्रापाशी चाचा बसले होते. त्यांचं बोट ज्ञानेशच्या माईकच्या सरकत्या पट्टीवर होतं आणि ते ती पट्टी अगदी थोडी, केसभर, खाली घेत होते, म्हणजे वरचा आवाज कुणाचा आणि खालचा कुणाचा हे आता त्यांच्याशिवाय कुणाला उमगणार नव्हतं.

समोरून कुणी तोंड उघड-मीट करत नव्हतं. पुढच्या रांगेत मोना मोबाईल वर धरून उभी होती, त्यात चौकटीच्या कडेला तो पुन्हा निम्मा कापला गेला असणार. ज्ञानेश सूर सोडत नव्हता. सोहेल हाताच्या अंतरावर उभा होता, त्याच्या मानेवरची शीर दिसत होती, कॉलरच्या आतलं निळं 'सो' दिसत होतं. इंदापुरात गळ्यात आवाज नव्हता तेव्हा तो ज्याच्याकडं अकरा सेकंद बघत राहिला होता, तो ज्ञानेश आज त्याच जागेवर होता. आता आपल्याकडं बघंल, असं ज्ञानेशला वाटलं. ओळ दुसऱ्यांदा आली, पुन्हा तो चढला, पुन्हा दम सरला, पुन्हा ज्ञानेशनं खालून हात दिला. गाणं संपत आलं. सोहेल समोरच बघत होता.